एड्सगर डायक्स्ट्रा यांचे अध्यापन आणि संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात डायक्स्ट्रा हे नाव एकदा डेटा स्ट्रक्चर्समध्ये भेटतं आणि पुन्हा ऑपरेटिंग सिस्टीम्समध्ये. दोन्ही ठिकाणी पाच-दहा गुणांच्या प्रश्नापुरतं. त्या नावामागच्या प्राध्यापकाबद्दल पाठ्यपुस्तकात ओळभरही मजकूर नसतो. विद्यार्थी, नव्याने शिकवायला लागलेले सहकारी आणि कधी कधी पालकही जे विचारतात, त्यातले प्रश्न उत्तरांसह इथे दिले आहेत.

डायक्स्ट्रा कोण होते, थोडक्यात सांगाल?

जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रॅमर, १९६२ पासून आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, १९७३ पासून बरोज या संगणक कंपनीचे संशोधक, आणि १९८४ ते १९९९ अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, त्यांना मिळाला. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन या गावी, राहत्या घरी त्यांचं निधन झालं.

या तारखांमधून एक गोष्ट मात्र दिसत नाही: शिकवणं आणि संशोधन ही त्यांच्यासाठी वेगवेगळी खाती कधीच नव्हती. वर्गात जे नीट सांगता येत नाही, ते आपल्याला अजून समजलेलंच नाही, असं मानून ते पुन्हा कामाला लागत. त्यांचं बरंचसं संशोधन याच वाटेने आलेलं आहे.

ते मुळात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते ना? मग इकडे कसे वळले?

हो, लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होते. त्याआधी तर कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचं प्रतिनिधित्व करायचं त्यांच्या मनात होतं. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा वर्ग होता. त्याची माहिती वडिलांनी काढली आणि मुलाला पाठवलं. परत आल्यावर अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेतल्या आद्रियान व्हॅन वाइनगार्डन यांनी त्यांना नोकरी देऊ केली आणि मार्च १९५२ पासून ते तिथे रुजू झाले.

तीन वर्षं दोन्हीकडे पाय ठेवून झाल्यावर त्यांना प्रश्न पडला की प्रोग्रॅमिंगला विद्याशाखा म्हणावं असं त्यात आहे तरी काय. हार्डवेअरवाल्यांना इलेक्ट्रॉनिक्सचं भक्कम ज्ञान होतं; प्रोग्रॅमरकडे दाखवायला तसं काही नव्हतं. हे त्यांनी व्हॅन वाइनगार्डन यांच्यासमोर मांडलं. उत्तराचा आशय असा होता: संगणक आता जाणार नाहीत, आपण अगदी आरंभाला उभे आहोत, आणि या कामाला प्रतिष्ठित विद्याशाखा करण्यासाठी ज्यांची गरज पडेल त्यांत तू का नसावास? डायक्स्ट्रांनी हे ट्युरिंग पुरस्काराच्या वेळी दिलेल्या व्याख्यानात स्वतः सांगितलं आहे. पुढची सगळी वर्षं ते त्या प्रश्नाचंच उत्तर देत होते, असं मला वाटतं.

लग्नाच्या नोंदणीत 'प्रोग्रॅमर' लिहू दिलं नाही, ही गोष्ट खरी का?

खरी. १९५७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने असा व्यवसायच नाही म्हणून तो शब्द नाकारला. शेवटी नोंद झाली ती 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी.

सर्वांत जवळच्या मार्गाचा अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याची पायरीपायरीची रीत) त्यांनी वीस मिनिटांत शोधला म्हणतात. असं कसं शक्य आहे?

१९५६ मध्ये गणित संस्थेत 'आरमॅक' नावाचा नवा संगणक तयार झाला होता. उद्घाटनाला येणाऱ्या, संगणकाशी काही संबंध नसलेल्या पाहुण्यांना समजेल असं उदाहरण हवं होतं. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न कोणालाही कळतो. होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघं एका कॅफेबाहेरच्या मोकळ्या जागेत कॉफी घेत बसले होते. तिथे त्यांनी मनातल्या मनात तो सोडवला. वीसेक मिनिटं लागली असं त्यांनीच पुढे सांगितलं. हातात कागद-पेन्सिल नव्हतं, त्यामुळे टाळता येण्यासारखी गुंतागुंत आपोआप टळली, हे त्यांचं स्वतःचं स्पष्टीकरण. प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी त्यांनी नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली, कारण शहराचा क्रमांक सहा बिटांत मावायला हवा होता.

कल्पना आपल्याकडच्या रस्त्यांवर बघू. समजा पुण्याहून निघायचं आहे. पुणे-सातारा दोन तास, पुणे-महाड तीन तास, सातारा-कोल्हापूर दोन तास, महाड-रत्नागिरी चार तास, कोल्हापूर-रत्नागिरी साडेतीन तास. (आकडे उदाहरणापुरते.) सुरुवातीला पुणे शून्य. शेजारच्या गावांना तात्पुरते आकडे लावा: सातारा दोन, महाड तीन. त्यातला सर्वांत लहान म्हणजे सातारा, तो पक्का करा. साताऱ्यावरून कोल्हापूरला चार मिळतात. आता उरलेल्यांत लहान महाड, तीन, तो पक्का. महाडवरून रत्नागिरी सात. मग कोल्हापूर चार, पक्कं. तिथून रत्नागिरी साडेसात होते, पण सात आधीच मिळालेले आहेत, म्हणून सातच राहतात. संपलं.

परीक्षेत या आकड्यांचा तक्ता भरता येतो, पण तोंडी परीक्षेत 'सर्वांत लहान तात्पुरता आकडा लगेच पक्का का धरायचा?' असं विचारलं की मुलं गप्प होतात. उत्तर सोपं आहे. साताऱ्याला याहून जवळची दुसरी वाट असलीच, तर ती आधी दुसऱ्या कुठल्या तरी पक्क्या न झालेल्या गावातून जाईल. पण त्या सगळ्या गावांचे आकडे साताऱ्याएवढे किंवा त्याहून मोठे आहेत, आणि पुढच्या रस्त्याने आकडा कमी तर होणार नाही. म्हणजे जवळची वाट असूच शकत नाही. ऋण वजनाच्या कडा (म्हणजे शून्याहून लहान आकड्याचे रस्ते) आल्या की हा अल्गोरिदम का चालत नाही, तेही याच वाक्यात दडलेलं आहे: 'आकडा कमी होणार नाही' हे गृहीतकच मोडतं. डायक्स्ट्रांना विद्यार्थ्यांकडून हेच हवं असायचं. तक्ता यंत्रही भरतं.

मग हा शोध लगेच प्रसिद्ध का झाला नाही?

अल्गोरिदमसाठी योग्य असं नियतकालिकच त्या काळात हाताशी नव्हतं. शेवटी १९५९ मध्ये तो एका गणिती नियतकालिकात आला, जेमतेम तीन पानांत. त्याच तीन पानांत आणखी एक अल्गोरिदम आहे, सर्व बिंदू कमीत कमी तारेत जोडण्याचा. 'एक्स१' या संगणकाच्या मागच्या बाजूची तांब्याची तार वाचवायला तो उपयोगी पडला. हाच अल्गोरिदम त्याआधी गणितज्ञ प्रिम यांनी आणि त्यांच्याही आधी गणितज्ञ यार्निक यांनी शोधला होता.

आजचे नकाशे हाच अल्गोरिदम वापरतात का?

पाया हाच. पण देशभरच्या रस्त्यांवर तो जसाच्या तसा चालवला तर वेळ लागेल, म्हणून आधीच काही गणितं करून ठेवणं, गंतव्याच्या दिशेने शोध वळवणं अशा बऱ्याच युक्त्या त्यावर चढवलेल्या असतात.

आइंडहोवनमध्ये त्यांनी काय केलं?

तिथे संगणकशास्त्राचा विभागच नव्हता. ते गणित विभागात होते. १९६० मध्ये याप झोनेव्हेल्ड यांच्यासोबत त्यांनी 'अल्गोल ६०' या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) काही महिन्यांत पुरा केला होता, त्यामुळे मोठा प्रोग्रॅम हाताळण्याचा अनुभव गाठीशी होता. आइंडहोवनला त्यांनी सहा जणांचा लहान गट घेऊन एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. हे सहाही जण अर्धवेळच उपलब्ध होते. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'टीएचई' म्हणतात. १९६८ मध्ये तिच्यावरचा निबंध आला.

या सिस्टीमची रचना थरांची होती. सर्वांत खाली प्रोसेसरचं वाटप, त्यावर मेमरीची व्यवस्था, त्यावर ऑपरेटरशी संवाद, त्यावर इनपुट-आउटपुट आणि मग वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम. वरच्या थराने खालच्या थरावर विसंबायचं, उलट कधीच नाही. त्यामुळे एकेक थर तपासून पक्का करता आला. आपण आज ऑपरेटिंग सिस्टीमची आकृती थरांत काढतो, त्या शिकवण्यावर या कामाची मोठी छाप आहे. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं की विद्यापीठातल्या लहानशा, अपुऱ्या साधनांच्या गटाने हे केलं. 'आमच्याकडे सोयी नाहीत' म्हणणाऱ्या प्रत्येक कॉलेजने तो निबंध वाचावा.

सेमाफोर म्हणजे नेमकं काय, आणि त्याची गरज का पडली?

समजा एका खात्यात ५,००० रुपये आहेत आणि दोन ठिकाणांहून एकाच क्षणी ४,००० रुपये काढायची मागणी आली. दोन्ही प्रोग्रॅमनी आधी शिल्लक वाचली, दोघांनाही ५,००० दिसले, दोघांनीही पैसे दिले. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे बरोबर आहे, तरी मिळून चूक झाली. अशी चूक चाचणीत सापडेलच असं नाही, कारण ती वेळेच्या जुळणीवर अवलंबून आहे. हजार वेळा नीट चालून पुढच्या वेळी फसेल.

डायक्स्ट्रांनी यावर एक साधा पूर्णांक दिला, ज्यावर दोनच क्रिया चालतात. तोच सेमाफोर. 'पी' म्हणजे आत जाण्याची परवानगी मागणं: आकडा शून्याहून मोठा असेल तर एकने कमी करून पुढे जा, नाहीतर थांबून राहा. 'व्ही' म्हणजे काम संपल्यावर आकडा एकने वाढवून थांबलेल्यांपैकी एकाला वाट देणं. या दोन्ही क्रिया मध्येच तुटता कामा नयेत. नाव रेल्वेच्या जुन्या हात-सिग्नलवरून आलं, आणि पी-व्ही ही अक्षरं डच शब्दांची.

'जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ' हा प्रश्नही त्यांचाच?

१९६५ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेला प्रश्न आहे तो. मूळ रूपात पाच संगणक आणि त्यांच्यात वाटून घ्यायच्या पाच टेप ड्राइव्ह होत्या. आज आपण शिकवतो ते तत्त्वज्ञांचं रूप ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी दिलं. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ, शेजारच्या दोघांत एकेक काटा, आणि जेवायला मात्र दोन काटे लागतात. प्रत्येकाने आधी डावीकडचा काटा उचलला तर पाचही जण उजव्या काट्याची वाट बघत उपाशी बसतात. उपाय: काट्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाने आधी लहान क्रमांकाचाच काटा उचलावा. मग सगळे एकमेकांची वाट बघत गोल अडकू शकत नाहीत.

परीक्षेचा एक प्रश्न साठ वर्षं जगभर शिकवला जातोय. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनी याकडे जरूर बघावं.

'गो टू' वर त्यांनी बंदी घातली होती का?

'गो टू' म्हणजे प्रोग्रॅममध्ये एका ओळीवरून थेट दुसऱ्या कुठल्याही ओळीवर उडी मारायची आज्ञा. तिच्यावर बंदी कोण घालणार? मार्च १९६८ मध्ये त्यांचं एक पत्र छापून आलं. त्यांनी दिलेलं शीर्षक सौम्य होतं. 'गो टू घातक समजावे' अशा अर्थाचं गाजलेलं शीर्षक संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलं. पत्रातला मुद्दा शांतपणे मांडलेला आहे. आपली बुद्धी स्थिर गोष्टींमधले संबंध चांगले पकडते, काळाबरोबर बदलत जाणारी प्रक्रिया पकडताना तिची दमछाक होते. म्हणून कागदावरचा प्रोग्रॅम आणि चालताना घडणारी प्रक्रिया यांतलं अंतर शक्य तितकं कमी असावं. इफ (अट), व्हाइल (पुनरावृत्ती), फंक्शन (उपप्रोग्रॅम) यांत आपण कुठे आहोत ते सांगता येतं. कुठूनही कुठेही उडी मारता आली की ते सांगता येत नाही. आज नव्या भाषांत 'गो टू' जवळपास दिसतच नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना हा वाद जुना वाटतो. पण वीस ठिकाणांहून बदलल्या जाणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलला (सगळ्या प्रोग्रॅमला खुल्या असलेल्या किमतीला) हाच आक्षेप लागू होतो.

वर्गात ते कसे शिकवायचे?

फळा आणि खडू. पाठ्यपुस्तक नेमलेलं नसे, आणि तयार उत्तर फळ्यावर उतरवून देणंही नसे. एखादा प्रश्न घेऊन ते तो सगळ्यांसमोर सोडवत. मध्ये लांब थांबत, विचार करत, मग पुढची पायरी लिहीत. विद्यार्थ्याला उत्तराबरोबर उत्तराकडे जाण्याची वाटही दिसे, आणि ती वाट हाच खरा धडा होता. गृहपाठात त्यांना उत्तर नीटनेटकं लागे, नुसतं बरोबर असून भागत नसे. ऑस्टिनमध्ये त्यांची अंतिम परीक्षा तोंडी असे. एकेका विद्यार्थ्याला कार्यालयात किंवा घरी बोलावून कित्येक तास चर्चा चाले आणि सगळ्यांची परीक्षा संपायला पूर्ण आठवडा जाई.

साठ-सत्तर जणांच्या वर्गात हे जमणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याकडच्या तोंडी परीक्षेत पाच मिनिटांत व्याख्या विचारण्याऐवजी 'हे का चालतं?' एवढा एकच प्रश्न विचारता येतो. त्याला जास्त वेळ लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे मंगळवार दुपारचा क्लब. आइंडहोवनला दर मंगळवारी काही सहकारी जमत, एखादा निबंध घेऊन ओळीन् ओळ वाचत आणि तर्कात जिथे भेग दिसेल तिथे थांबत. हीच प्रथा त्यांनी ऑस्टिनलाही सुरू केली.

ईडब्ल्यूडी म्हणजे काय?

त्यांच्या नावाची आद्याक्षरं, आणि त्यांनी लिहिलेल्या टिपणांचे क्रमांक. तेराशेहून अधिक टिपणं आहेत. बरीचशी फाउंटन पेनने, सुरेख अक्षरात, जवळपास खाडाखोड नसलेली. लिहून झालं की छायाप्रती काढून ओळखीच्यांना पाठवत. ते पुढे आणखी प्रती काढून वाटत. प्रवासवर्णनं, गणिती सिद्धता, संतापून लिहिलेली मतं, शिकवण्याबद्दलचे विचार, सगळं त्यात आहे. टेक्सास विद्यापीठाने ती जपून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

एक नमुना: ८३१ क्रमांकाचं, १९८२ चं टिपण, मोजणी शून्यापासून का करावी यावर. २ ते १२ या संख्या लिहायच्या तर '२ किंवा त्याहून मोठी आणि १३ हून लहान' असं लिहावं, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी करताच एकूण संख्या मिळते आणि लागून असलेल्या दोन श्रेणींत एकीचा शेवट हीच दुसरीची सुरुवात होते. हे मान्य केलं की अ‍ॅरेची (म्हणजे क्रमांक लावलेल्या यादीची) सुरुवात शून्यापासून केलेली जास्त देखणी ठरते. तीन पानांचं हे टिपण पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचायला द्यावं असंच आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना संगणकच देऊ नये असं ते म्हणाले होते, हे खरं का?

जवळपास तसंच. १९८८ च्या टिपणात त्यांनी सुचवलं की पहिला अभ्यासक्रम गणिताचा असावा, प्रोग्रॅम लिहिताना त्याची सिद्धताही लिहावी, आणि वापरायची भाषा कॅम्पसवर चालवता येणारी नसावी, म्हणजे 'चालवून तर बघू' हा मोहच होणार नाही. पुढच्या वर्षी त्यावर अनेक नामवंतांची जाहीर चर्चा छापली गेली आणि बहुतेकांनी विरोध केला. चाचणीने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे कधीच दाखवता येत नाही, हा त्यांचा जुना मुद्दा त्यामागे होता.

माझं मत: संगणक पूर्ण काढून घेणं आपल्या मुलांसाठी योग्य नाही. ज्या मुलाने बारावीपर्यंत संगणकावर फारसं कामच केलं नाही, त्याला पडद्यावर पहिलं उत्तर उमटलेलं बघण्याचा आनंद मिळायला हवा. पण आठवड्यातला एक तास निव्वळ कागदावरचा असावा, ही मागणी मी मनापासून करतो. आता तर कोड लिहून देणारी साधनं हाताशी आहेत. अशा वेळी समोर आलेला कोड बरोबर आहे हे ठरवण्याची ताकद आणखी मोलाची झाली आहे, आणि डायक्स्ट्रा तीच शिकवत होते.

ते स्वतः संगणक वापरत नव्हते का?

उमेदीची वर्षं त्यांनी यंत्रांसोबतच काढली. पुढे मात्र लेखन-संशोधन कागदावरच चाले; उशिरा त्यांच्याकडे एक मॅकिंटॉश आला.

संशोधनाचा विषय ते कसा निवडत?

यावर त्यांनी तीन नियम लिहून ठेवले आहेत. दर्जाची पट्टी झेपेल तितकी उंच ठेवा आणि आपल्या कुवतीच्या काठावर काम करा. काम समाजोपयोगीही असावं आणि शास्त्रीयदृष्ट्या पक्कंही, पण दोहोंत ओढाताण झाली तर शास्त्रीय पक्केपणा सोडू नका. आणि तिसरा: आपल्याइतकेच किंवा जास्त सक्षम लोक जो प्रश्न हातात घेणारच आहेत, तो सोडून द्या.

तिसरा नियम पीएचडीला बसणाऱ्या प्रत्येकाने टेबलासमोर लावावा. आपल्याकडे बहुतेकदा उलट घडतं. जो विषय जोरात आहे त्यावरच सगळे तुटून पडतात. डायक्स्ट्रांचं उदाहरण बघा: १९७४ मध्ये त्यांनी जेमतेम दोन पानांत 'स्वतःहून सावरणाऱ्या' प्रणालीची कल्पना मांडली. अनेक यंत्रांचं जाळं कुठल्याही बिघडलेल्या अवस्थेतून, कोणी बाहेरून हात न लावता, ठीक अवस्थेत परत यावं. काही वर्षं तिच्याकडे फारसं कोणी वळलं नाही. १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका व्याख्यानात तिचं महत्त्व सांगितलं आणि मग त्यावर एक अख्खी शाखा उभी राहिली. २००२ मध्ये त्या निबंधाला वितरित संगणनातला (अनेक यंत्रांनी मिळून काम करण्याच्या शास्त्रातला) पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्काराला डायक्स्ट्रांचंच नाव आहे.

त्यांच्या कामाशी भारतीयांचा काही संबंध?

ऑस्टिनमध्ये जयदेव मिश्रा हे त्यांचे सहकारी होते. मिश्रा ओडिशातले, आयआयटी कानपूरचे. के. मणी चंडी हे आयआयटी मद्रासचे, तेही तिथे होते. या दोघांनी मिळून समांतर प्रोग्रॅम आणि त्यांची सिद्धता यांवर १९८८ मध्ये एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला.

निवृत्तीनंतर त्यांनी शिकवण्यात लक्ष घातलं का?

निवृत्ती १९९९ ची. २००१ मध्ये टेक्सास विद्यापीठाने पहिल्या वर्षाची प्रोग्रॅमिंग भाषा हॅस्केलऐवजी जावा करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी लेखी आक्षेप घेतला. पहिली भाषा मुलांच्या विचार करण्याच्या सवयी घडवते, म्हणून ती निवड बाजारावर सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. बदल झालाच.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

१९७२ च्या ट्युरिंग व्याख्यानापासून. त्यात गणित नाही आणि इंग्रजी सोपं आहे. मग शून्यापासून मोजणीचं टिपण. त्यानंतर १९५९ चा तीन पानी निबंध घ्या आणि पाठ्यपुस्तकातला अल्गोरिदम शेजारी ठेवून ताडून बघा. मूळ निबंधात हीप नाही, प्रायॉरिटी क्यू नाही (सर्वांत लहान आकडा झटकन काढून देणाऱ्या आजच्या रचना), कोडही नाही. बिंदूंचे तीन गट आहेत आणि शब्दांत सांगितलेल्या दोन पायऱ्या आहेत. १९७६ चं प्रोग्रॅमिंगच्या शिस्तीवरचं त्यांचं पुस्तक शेवटी घ्या, आणि घेतलंत तर दोघं-तिघं मिळून वाचा. कुठल्याही वारी दुपारी बसलात तरी चालेल.